सात फूट अर्धा इंच

मित्रांनो, शिवणाच्या डब्यात गुंडाळून ठेवतात ना, ती पिवळी कापडी टेप म्हणजे मी. वय झालंय माझं. साठ इंच लांब, असं माझ्या अंगावर छापलेलं आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. मी तुम्हाला जे सांगणार आहे, त्यातलं माझं सगळ्यात मोठं पाप तेच आहे.

जन्माच्या वेळी मी खरी होते, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते. कारखान्यात घट्ट विणलेली सुती पट्टी घेतली, तिला रंगाचा लेप दिला, काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा ठोकला. तिथून मी लखनौला आले, अमीनाबादच्या एका बटणं-दोऱ्यांच्या दुकानात. १९७१ साली सुभद्राबाईने मला तिथून उचललं. दुकानदार म्हणाला, "बहनजी, उम्र भर साथ देगी." लबाड मेला!

सुभद्राबाई भंडारा जिल्ह्यातली. चार फूट नऊ इंच उंच. मीच मोजलंय, तेव्हा खरी होते. तिचा नवरा बाबूराव मानक नगरात रेल्वेच्या संशोधन कचेरीत नोकरीला होता. त्याचं काम ऐका हं, मुद्दाम सांगते. कचेरीतल्या सगळ्या मोजपट्ट्या दर सहा महिन्यांनी एका पोलादी पट्टीला लावून पाहायच्या. बरोबर असेल तिच्यावर हिरवा ठिपका, चुकत असेल ती बाद. उभी हयात माणसाने हेच केलं, आणि घरातल्या टेपकडे एकदा ढुंकून पाहिलं नाही. घरातल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

घरात दोन मुलं. मोठा ईश्वर तेव्हा तेरा वर्षांचा, धाकटी बेबी सहा वर्षांची. क्वार्टर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आणि खिडकीखाली शिवणाचं मशीन. कॉलनीतल्या बायका ब्लाउज शिवायला यायच्या. मी सुभद्राबाईच्या गळ्यात दिवसभर लटकलेली असायचे. "भाभी का नाप कभी गलत नहीं होता," असं बायका म्हणायच्या तेव्हा मला वाटायचं, हे माझंच कौतुक चाललंय.

मग ईश्वर वाढायला लागला.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. सोळाव्या वर्षी तो सहा फुटांच्या वर गेला. सतराव्या वर्षी दाराच्या चौकटीला कपाळ आपटायला लागलं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा त्याच्याच हातात, सगळ्यांच्या पुढे. लोक बाबूरावाच्या पाठीवर थाप मारायचे, "क्या लड़का है, बाबूजी!" बाबूरावाची छाती फुगायची. का फुगू नये? ईश्वरच्या आज्याला गावात मान वर करून चालायची सोय नव्हती, आणि नातू सगळ्यांच्या डोक्यावरून पाहत होता.

पण विसावं वर्ष लागलं तरी वाढ थांबेना. डोकं दुखायला लागलं. बी.ए.चं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला पोरगा कपाळ दाबून धरायचा. एकदा गुडघे दुमडून अंगणातच बसला, तेव्हा मात्र बाबूराव त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. सुभद्राबाई बरोबर होती आणि तिच्या पिशवीत मी.

तिथे काय झालं म्हणून सांगू! रांगा मोडून माणसं ईश्वरभोवती जमली. कुणी त्याच्या हाताचा पंजा धरून पाहिला, कुणी लेकराला उचलून "वो देखो" म्हणून दाखवलं. एका बाईने तर त्याच्या पायाशी उभं राहून आपली उंची ताडून घेतली. ईश्वर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. परत येताना म्हणाला, "बाबा, मी इथं पुन्हा येणार नाही. काय सांगायचं ते तुम्हीच सांगत जा."

डॉक्टर माथुर भला माणूस होता. त्याने सांगितलं की मेंदूच्या खाली एक लहानशी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आल्याची शंका आहे, पण फोटोत नीट दिसत नाही. "अगर बढ़ना रुक गया है, तो हम रुकेंगे. अगर बढ़ रहा है, तो ऑपरेशन, और देर बिलकुल नहीं. गाँठ आँख की नस दबा देगी." दवाखान्याची उंची मोजायची दांडी साडेसहा फुटांवरच संपत होती. म्हणून तो म्हणाला, "घर पर नापिए. हर महीने. एक सूत भी इधर-उधर न हो. फीता साफ़ और सीधा हो. और लड़के को भी बीच-बीच में लाइए."

शेवटचं वाक्य सोडून सुभद्राबाईने सगळं पाळलं.

ऑपरेशन हा शब्दच तिला नको होता. तिचा भाऊ श्रीपत नागपुरात ऑपरेशनला गेला होता आणि चादरीत गुंडाळून परत आला होता. तेव्हा आता सगळी भिस्त माझ्यावर. मी जे सांगेन त्यावर पोराचं डोकं फाडायचं की नाही हे ठरणार होतं. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. आणि त्या मानानेच माझा घात केला.

१९७९ च्या जानेवारीत पहिलं माप घेतलं. उभ्याने तिचा हात त्याच्या डोक्याला पोचत नव्हता, म्हणून ईश्वर सतरंजीवर आडवा झाला. डोकं भिंतीला टेकवलं, तळपायांना पाट लावला. भिंतीपासून मला ताणून धरलं, मी संपले तिथे जमिनीवर खडूची रेघ मारली, आणि तिथून पुन्हा पाटापर्यंत. सात फूट अर्धा इंच. बाबूरावाने कागदावर लिहिलं. खडू पुसून टाकला. सरकारी क्वार्टरात भिंतीवर खुणा करायच्या नाहीत हा बाबूरावाचा कडक नियम होता.

पुढच्या मापाच्या आधी सुभद्राबाईने मला निरखून पाहिलं. मी सुरकुतलेली होते, तेलकट होते. "फीता साफ़ और सीधा," असं डॉक्टरने सांगितलं होतं ना! मग तिने मला कोमट सोड्याच्या पाण्यात बुडवलं, हलक्या हाताने चोळलं आणि खिळ्याला टांगलं. सुरकुत्या जाव्यात म्हणून खालच्या टोकाला खलबत्त्याचा लोखंडी बत्ता बांधला. दोन दिवस मी तशीच लोंबकळत होते. माझे धागे कुरकुरत होते, मित्रांनो. मला कळत होतं की मी लांबतेय. पण ओरडायला तोंड कुठे आहे मला?

फेब्रुवारीत माप घेतलं. सात फूट अर्धा इंच.

सुभद्राबाईने आकडा वाचला आणि जमिनीवर बसल्या बसल्याच हसली. गेल्या कित्येक महिन्यांत हसली नव्हती ती. "थांबली जी! वाढ थांबली!" बाबूरावाने चष्मा काढून पुसला. ईश्वर सतरंजीवर पडल्या पडल्या आईच्या तोंडाकडे पाहत राहिला.

पोरगा वाढला होता. मी त्याच्याइतकीच ताणले गेले होते, एवढंच.

मार्चमध्ये पुन्हा सोडा, पुन्हा खिळा, पुन्हा बत्ता. पुन्हा सात फूट अर्धा इंच. एप्रिलमध्ये तेच. मेमध्ये तेच. दर महिन्याला बाबूराव चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जायचा. डॉक्टर विचारायचा, "लड़का कहाँ है?" बाबूराव म्हणायचा, "कॉलेज में, साहब." आकडा पाहून डॉक्टर मान हलवायचा.

खोटं किती सफाईने चालतं पाहा. ईश्वरचा पायजमा घोट्यावर चढला की सुभद्राबाई म्हणायची, "कापडच आटलं बाप्पा! आजकालच्या कापडात काही दम नाही." नवा शिवायची. तो माझ्याच मापाने बेतलेला, म्हणून ईश्वरला झकास बसायचा. कॉलनीतल्या बायका तक्रार करायला लागल्या, "भाभी, ब्लाउज ढीला हो गया." ही म्हणायची, "गर्मी में सब दुबले हो जाते हैं." सगळीकडे पुरावे लोंबत होते. पण ज्याला हवं तेच उत्तर मिळतंय, तो प्रश्न पुन्हा कशाला विचारेल?

मला मात्र दिसत होतं. ईश्वर खोलीत शिरताना खांदा आपटायचा, कधी डावा, कधी उजवा. बाजूला ठेवलेला तांब्या त्याच्या हाताने कलंडायचा. "एवढं मोठं धूड आणि लक्ष कुठंय?" असं सुभद्राबाई रागवायची. तो फडकं घेऊन पाणी पुसायचा. डोकं दुखलं की पुस्तक मिटून डोळ्यांवर ठेवायचा. माझा जीव वरखाली व्हायचा. अरे, कुणीतरी मला दुसऱ्या मापाशेजारी ठेवा रे!

१९८० ची भीमजयंती आली. ईश्वर झेंडा घेऊन पुढे निघाला. सुभद्राबाई पाहायला गेली होती. मी तिच्या गळ्यातच राहून गेले होते. चौकात डावीकडून एक म्हातारे गृहस्थ हात जोडून त्याला 'जय भीम' करायला पुढे आले. ईश्वर सरळ त्यांच्यावर चालत गेला. म्हातारा पडला, झेंडा वाकला. गर्दीतून कुणीतरी हसलं, "इतने ऊपर से नीचे कहाँ दिखेगा!" ईश्वर गुडघ्यांवर बसून म्हाताऱ्याला उठवत म्हणाला, "माफ करना बाबा, आप दिखे ही नहीं." सगळ्यांना वाटलं, उंचीमुळे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, ते मी जवळून पाहिलं.

त्याच आठवड्यात बेबीची शिवणाची परीक्षा होती. अठरा इंचांचं झबलं कापून न्यायचं होतं. बेबीने घरी माझ्याच मापाने कापलं. बाईंनी शाळेत लाकडी पट्टी लावली तर अर्धा इंच जास्त. गुण कापले. पोरगी पाय आपटत घरी आली.

"आई, ये टेप ही गलत है! मेरे नंबर कट गए!"

"टेप काऊन गलत राहील? तूच वाकडं कापलं असशील."

"नापके देख लो ना!" बेबीने कंपासपेटीतली फूटपट्टी मशीनवर आपटली आणि तणतणत बाहेर गेली.

घरात सुभद्राबाई आणि मी. तिने फूटपट्टी हातात घेतली, मग खाली ठेवली. भाजी चिरायला बसली, उठली. शेवटी मला मशीनवर पसरलं आणि पट्टी माझ्या अंगाला लावली. पट्टीचे बारा इंच संपले, तिथे माझा बारा नव्हता. तो पुढे होता, दोन-तीन सूत, म्हणजे पाव इंचाहून जास्तच. तिने पट्टी सरकवून दुसऱ्या फुटाला लावली, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी मी पुढेच. मित्रांनो, तेव्हा तिच्या बोटांना सुटलेला घाम मी अजून विसरलेले नाही. तिला सगळं कळलं. पंधरा महिन्यांचे पंधरा आकडे तिच्या डोळ्यांसमोरून गेले असतील.

आणि तिने काय केलं? मला एका रुमालात गुंडाळलं, ट्रंकेच्या तळाशी स्वेटरांखाली कोंबलं आणि कडी लावली.

तिला दोष देऊ नका. श्रीपतची चादर तिने पाहिली होती. मी आतून ऐकत होते. ती नेहमीसारखी पोळ्या लाटायची, पण भाजीत दोनदा मीठ पडल्याची कुरकुर जेवताना ऐकू यायची. सात दिवस गेले. एकेक दिवस मला डोंगराएवढा वाटत होता, कारण डॉक्टरचं 'देर बिलकुल नहीं' मीही ऐकलं होतं.

आठव्या दिवशी रविवार होता, मापाचा. बाबूरावाने विचारलं, "टेप कुठाय?"

"सापडत नाही जी. हरवली वाटते."

"हरवली? दुसरी आणतो मग."

"आणाल सावकाश. आधी जेवून घ्या."

पुढचं मला दिसलं नाही, नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. ईश्वर पाटावर बसला. सुभद्राबाई त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तिने भाजीची वाटी त्याच्या खांद्याजवळ धरली. तो भात कालवत राहिला. ती वाटी धरून उभीच. क्षणभराने तो समोर पाहत म्हणाला, "आई, भाजी दे ना."

वाटी त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होती.

"ईश्वर," तिने हाक मारली. त्याने मान वळवली तेव्हा कुठे वाटी त्याला दिसली. मग ती धावत आतल्या खोलीत आली. कडी वाजली, स्वेटर उडाले, उजेड माझ्या डोळ्यांत घुसला. तिने मला नेऊन बाबूरावाच्या मांडीत फेकलं.

"घ्या! तपासा! जगाच्या पट्ट्या तपासता ना तुम्ही? ही तपासा!"

सोमवारी बाबूरावाने मला कचेरीत नेलं. ज्या टेबलावर त्याने हजारो पट्ट्या लावल्या होत्या, त्याच टेबलावर मला पसरलं. पोलाद थंडगार होतं. पितळी टोक शून्याला लावलं, सुरकुती काढली, हलक्या बोटांनी सरळ केलं. सवयीचं काम. माझा साठ कुठे आला ते त्याने भिंग लावून पाहिलं. पावणेबासष्टावर. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा पावणेबासष्ट. मग तो खुर्चीवर बसला आणि मला हातात धरून रडला, कचेरीत, सगळ्यांच्या देखत. त्याचे वरिष्ठ नरहर साहेब धावत आले. ईश्वरचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लांब पोलादी फीत त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाबूराव, आत्ताच्या आत्ता घरी जा."

ईश्वर सतरंजीवर आडवा झाला. पोलादी फीत भिंतीपासून पाटापर्यंत एकदाच पसरली, मध्ये खडूची रेघही लागली नाही. बाबूरावाने आकडा मोठ्याने वाचला. सात फूट तीन इंच. बेबीने दादाची चप्पल आणून त्याच्या पायाशी ठेवली.

दवाखान्यात पुन्हा गर्दी जमली. या वेळी सुभद्राबाई पुढे झाली. एवढीशी बाई, पण दोन्ही हात पसरून ओरडली, "हटो! मेरा बच्चा बीमार है!" लोक मुकाट्याने बाजूला झाले.

डॉक्टर माथुरने ईश्वरला समोर पाहायला सांगितलं आणि आपलं बोट बाजूने हळूहळू पुढे आणलं. "जब दिखे, बोलना." बोट कानापाशी आलं. ईश्वर गप्प. बोट डोळ्याच्या कडेशी आलं. गप्प. जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "अब." दुसऱ्या बाजूने तेच झालं. डॉक्टरने पेन ठेवलं.

"परसों ऑपरेशन."

"सात दिन पहले आते तो?" सुभद्राबाईने विचारलं.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "माताजी, अब आगे की सोचिए."

ऑपरेशनला सहा तास लागले. ते सहा तास मी तिच्या मुठीत होते. ती मला पिळत होती, गाठी मारत होती, सोडत होती. बाबूराव भिंतीला टेकून उभा होता. बाकावर बसलेली बेबी पुटपुटत होती, "ठीक हो जाएगा, ठीक हो जाएगा." दर वेळी दार उघडलं की तिघंही तिकडे वळायचे. पाचव्या तासाला एक नर्स रक्ताची बाटली घेऊन धावत आत गेली आणि सुभद्राबाईच्या नखांनी माझा लेप जागोजागी फुटला. मला दुखलं नाही. मला वाटलं, हिने मला फाडून टाकावं, पण पोरगा वाचावा.

पोरगा वाचला.

गाठ काढली. वाढ थांबली, खरीखुरी. समोरची नजर राहिली. तो पुस्तक वाचू शकणार होता. बाजूची गेली ती गेलीच.

पाचव्या दिवशी दोन खाटा जोडून त्यावर ईश्वरला निजवलं होतं. डोक्याला पट्ट्या. सुभद्राबाई त्याच्या अगदी समोर बसली, त्याला दिसेल अशी. तिने सांगून टाकलं. "मला कळलं होतं रे. सात दिवस मी ती टेप ट्रंकेत लपवून ठेवली. तुझी नजर मी खाल्ली."

"मी खाल्ली," बाबूराव म्हणाला. "तपासणं माझं काम होतं. पंधरा महिने माझ्या नाकासमोर होती ती."

ईश्वरने मान वळवून बाबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आई, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"मी वाढतो आहे ते. स्वयंपाकघराच्या दारात आधी मान वाकवायचो, मग कमरेत वाकावं लागायला लागलं. मला समजणार नाही का? आणि बाजूचं दिसत नाही, हेही."

"मग सांगितलं काऊन नाही, मेल्या!" तिने त्याच्या भल्यामोठ्या पंजावर आपल्या इवल्याशा मुठी मारल्या. "काऊन नाही सांगितलं!"

"तू आकडा वाचायचीस ना," तो म्हणाला, "आणि हसायचीस. महिन्यातून तेवढ्या एकाच दिवशी हसायचीस तू. कसं सांगू?"

ती त्याच्या पंजावर डोकं टेकवून रडत राहिली. बाबूराव खिडकीकडे वळला.

मित्रांनो, बत्ता लावून टांगलेली वस्तू ताणली जाणारच, हे आता तुम्हाला कळलं. तेव्हा ज्या मापावर तुमच्या माणसाचा जीव अवलंबून आहे, ते माप दुसऱ्याशी ताडून पाहा. दर महिन्याला पाहा. पण माझं खरं मागणं ते नाही. पंधरा महिन्यांत त्या घराने मला पंधरा वेळा विचारलं, पोरगा वाढतोय का. तो तिथेच सतरंजीवर, माझ्याखाली पडलेला असायचा. त्याला कुणी एकदाही विचारलं नाही.